मोबाईलचं पच्चक्खाण

माझ्या अंगात स्थिरपणा नाही, हे आमच्या अख्ख्या खानदानाला माहीत आहे. तीन वर्षांची असताना मी भर व्याख्यानात महाराजसाहेबांच्या पाटाखालून पळत गेले होते, ही गोष्ट माझी आत्या अजून प्रत्येक लग्नात सांगते. त्यामुळे सीए इंटरला मी नापास झाले तेव्हा कोणाला नवल वाटलं नाही. पप्पांना मात्र राग आला. त्यांचा राग आवाज न चढवणारा असतो, आणि तो जास्त वाईट.

सावरकुंडल्याला आमचं तराजू-काट्यांचं दुकान आहे. ते बंद ठेवून पप्पा कुठे जात नाहीत, पण त्या दिवशी बस पकडून अमदावादला आले. पालडीतल्या आमच्या मुलींच्या छात्रालयात पुरुषांना वर सोडत नाहीत. म्हणून खाली पाहुण्यांच्या खोलीत बसले, पाणी प्यायले आणि माझा मोबाईल मागितला. आपण किती वेळ काय बघतो त्याचा हिशोब मोबाईलच ठेवतो, हे त्यांना कोणी सांगितलं देव जाणे. आमच्या गृहमाता सरोजबेननी चष्मा लावून अगदी आनंदाने ते पान उघडून दिलं. दिवसाला साडेसहा तास. पप्पांनी आकडा वाचला आणि मोबाईल टेबलावर उलटा ठेवला.

मी म्हटलं, सोडायचा प्रयत्न केला होता, पण माझा स्वभावच असा आहे त्याला मी काय करू.

"स्वभाव वगैरे काही नसतं," पप्पा म्हणाले. "माणसाने ठरवलं की झालं. मी चोविहार करतो, त्यात माझा स्वभाव आडवा येतो का?"

आता ह्यावर काय बोलणार, कपाळ? माझ्या जन्माच्या आधीपासून पप्पांनी सूर्य मावळल्यावर तोंडात अन्नाचा कण आणि पाण्याचा थेंब घेतलेला नाही. लग्नात नाही, प्रवासात नाही, तापाने फणफणले होते तेव्हाही नाही. आमच्या घरी घड्याळापेक्षा पप्पांच्या जेवणावरून वेळ कळते. अशा माणसासमोर साडेसहा तासांची मुलगी बसली होती.

मग त्यांनी अट घातली. पर्युषण तोंडावर आलं होतं. त्या आठ दिवसांत मोबाईलला हात लावायचा नाही. आणि नुसतं घरच्या घरी म्हणायचं नाही, तर साधू-साध्वी उतरतात त्या उपाश्रयात जाऊन महाराजसाहेबांच्या साक्षीने पच्चक्खाण, म्हणजे त्यागाची शपथ, घ्यायचं. पाळलं तर पुढची फी भरतो, अमदावादला राहा, पुन्हा परीक्षेला बस. मोडलं तर दिवाळीच्या आत बॅग भरून घरी, आणि मग आम्ही स्थळं बघायला मोकळे. पप्पा शब्दाचे पक्के. त्यांनी ठरवलेला भाव गिऱ्हाईकासाठी कधी बदलत नाही, मुलीसाठी काय बदलणार?

मला सीए व्हायचं होतं. हिशोब मला येतात, मन लागलं तर भराभर येतात, फक्त मन लागत नाही. आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला सावरकुंडल्याला परत जायचं नव्हतं. माझ्या दोन्ही चुलत बहिणी विशीत लग्न होऊन गेल्या आणि आता भेटल्या की लोणच्याशिवाय विषय नाही. मी हो म्हटलं.

पर्युषणाच्या पहिल्या सकाळी मी आणि माझी खोलीसोबतीण निर्जरा उपाश्रयात गेलो. निर्जरा अठ्ठाई करणार होती, म्हणजे आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवसा. तिने ते असं सांगितलं जसं आपण सांगतो की जरा वाण्याकडे जाऊन येते. तिचा मोबाईलही तिने टेबलाच्या खणात टाकला होता आणि नंतर त्याचं नाव काढलं नव्हतं. ही मुलगी मला आवडते, पण कधीकधी तिच्या शांतपणाने अंगाचा तिळपापड होतो.

साध्वीजी, आम्ही त्यांनाही महाराजसाहेबच म्हणतो, म्हाताऱ्या होत्या आणि मिश्कील होत्या. मी मोबाईलचं पच्चक्खाण मागितल्यावर त्यांनी माझ्याकडे नीट वळून बघितलं. तुझा मोबाईल की कोणाचाही, असं विचारलं. कोणाचाही, मी म्हटलं. हातात घ्यायचा नाही ना? नाही. पारण्याच्या सकाळी सुटेल, तोपर्यंत पक्कं? पक्कं. बायका कुजबुजायला लागल्या. मग साध्वीजी म्हणाल्या, "खरं सांग, अन्न सोडणं अवघड की मोबाईल?"

मी म्हटलं, "महाराजसाहेब, अन्न दिवसातून तीनदा आठवतं. मोबाईल श्वास घेतला की आठवतो."

सगळा उपाश्रय हसला, साध्वीजीही हसल्या. युवक मंडळाचा एक मुलगा तपस्वींचं शूटिंग करत होता, संघाच्या ग्रुपवर टाकायला. त्याच्या कॅमेऱ्यात हे सगळं गेलं. मला त्याचं तेव्हा काही वाटलं नाही.

मोबाईल सकाळी निघतानाच सरोजबेनच्या हवाली केला होता. खोलीत आल्यावर अभ्यासाला बसले. बसले म्हणजे काय, खुर्चीवर टेकले. उजव्या हाताचा अंगठा आपोआप हलत होता, पुस्तकाच्या पानावर खालून वर, खालून वर. मांडीला मोबाईल थरथरल्याचा भास व्हायचा. तिथे हात न्यावा तर नुसती सलवार. खिडकीत कबूतर बसलं, त्याचा फोटो काढावासा वाटला. फोटो काढता येत नाही म्हटल्यावर कबुतरात काही राम उरला नाही. मी उठून पाणी प्यायले, जिना उतरले, जिना चढले, पुन्हा पाणी प्यायले. निर्जरा भिंतीला टेकून माळ जपत होती. मी शंभरदा दार उघडलं तरी तिने एकदाही डोळे उघडले नाहीत.

संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरची हेली धावत आली. "अगं चर्मी, तुझा व्हिडिओ!" माझं ते श्वासाचं वाक्य कोणीतरी कापून, वर गाणं लावून टाकलं होतं आणि ते सुटलं होतं. सुरत, राजकोट, भावनगर, कुठून कुठून लोक बघत होते. मी कानावर हात ठेवले आणि तिला बाहेर काढलं. दार लावलं. मग दार उघडून विचारलं, "किती जणांनी बघितला?"

झालं. तिथून माझी गाडी घसरली. आजवर मी दुसऱ्यांचे व्हिडिओ बघत जन्म काढला, आणि जेव्हा सगळी दुनिया माझा बघत होती तेव्हा एकटी मीच बघू शकत नव्हते. पण पच्चक्खाण हाताचं होतं. कानाचं नव्हतं. मी हेलीला वाचून दाखवायला सांगितलं. ती दोन हात लांब बसायची, मी हात पाठीमागे बांधून, आणि ती लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचायची. अनुमोदना, अनुमोदना, धन्य आहेत आईबाप, अशी संस्कारी मुलगी हल्ली कुठे मिळते. एकाने लिहिलं, सगळं नाटक आहे, बाथरूममध्ये बघत असेल. माझं डोकं असं फिरलं की त्याला काय उत्तर द्यायचं ते मी हेलीला शब्दन् शब्द सांगितलं. तिने तिच्या नावाने टाकलं. मग त्याचं उत्तर आलं का, हे विचारायला मी दर अर्ध्या तासाने दुसऱ्या मजल्यावर. हेली वर्गात गेली की तिसऱ्या मजल्यावर. भोजनालयात खाखरा हातात घेऊन टेबलाटेबलावर फिरायचे, काही नवीन आलं का, कोणी काही म्हटलं का. पायाला नुसती भिंगरी लागली होती. हातात मोबाईल होता तेव्हा निदान एका जागी तरी बसत होते.

चौथ्या दिवशी मी अशीच फेरी मारून खोलीत आले तर निर्जरा आडवी पडली होती. तिचे ओठ सुकले होते. आवाज बारीक झाला होता पण डोळे स्वच्छ होते.

"तू मोबाईल सोडला नाहीस," ती म्हणाली. "नुसते हात बदललेस."

मी भडकले. आमच्यात कांदा खात नाहीत, नाहीतर म्हटलं असतं, बसली नाकाने कांदे सोलत. तेवढं सोडून बाकी सगळं बोलले. की तुला बोलायला काय जातंय, तुला देवाने बर्फाची घडवलीय, तुझ्यासारखा संयम सगळ्यांना नसतो. तिने मला पूर्ण बोलू दिलं. उपाशी माणसाला भांडायलाही ताकद नसते, ह्याचा मी फायदा घेतला.

"मला संयम कुठे आहे?" ती म्हणाली. "मला मोहच होत नाही गं. भूकसुद्धा दुसऱ्या दिवसानंतर लागत नाही. लोक उगाच पाया पडतात माझ्या. मोह तुला होतो, म्हणून तप तुझं आहे. ते असं वाया घालवू नकोस, एवढंच."

ती भिंतीकडे वळून झोपली. मी खुर्चीत बसून रडले, का ते मला नीट सांगता येणार नाही. राग होता, आणि लाजही होती. ह्या मुलीने आजवर मला कधी काही सुनावलं नव्हतं. सुनावलं तेही पोटात अन्न नसताना.

तेव्हापासून मी विचारणं बंद केलं. हेलीला सांगितलं, माझ्यासमोर त्या व्हिडिओचं नाव काढशील तर आपली दोस्ती संपली. मग खरे दिवस सुरू झाले. आधीचे चार दिवस नुसती लपाछपी होती. आता छातीत काहीतरी सतत धडकत असायचं, जणू कोणी दाराबाहेर उभं आहे आणि मी दार उघडत नाहीये. कोणी काय लिहिलं असेल? त्या माणसाने पुन्हा काही म्हटलं असेल का? लोक विसरले असतील का मला? हे शेवटचं सगळ्यात जास्त टोचायचं. मी कॉस्टिंगचं पुस्तक उघडायचे, एक गणित करायचे, उठायचे, व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन परत यायचे, दुसरं गणित करायचे. एकदा पंधरा गणितं झाल्यावर लक्षात आलं की मी मधे उठलेच नाही. आनंद झाला, तर तो कोणाला सांगावा म्हणून पुन्हा उठले.

ह्याच दिवसांत पप्पांचे फोन बदलले. छात्रालयाच्या ऑफिसात जुना लँडलाइन आहे, त्याला साध्वीजींनी सूट दिली होती. पप्पा रोज दुपारी फोन करायचे. आजवर त्यांचं बोलणं म्हणजे, पाळलं का, हो, बरं, ठेवतो. आता ते ठेवेचनात. माझ्या चुलतभावाने त्यांना नवा मोबाईल घेऊन दिला होता, मुलीचा व्हिडिओ बघायला. आज किती झाले माहीत आहे का, असं विचारायचे. मी म्हणायचे, पप्पा, मला नका सांगू. अगं ऐक तर, म्हणायचे आणि सांगायचेच. कोण्या मुंबईच्या हिरेवाल्याने काय लिहिलं, राजकोटच्या कोणी काय. तो नाटक म्हणणारा माणूस त्यांनाही सापडला होता. त्याच्याशी त्यांचं दोन दिवस जुंपलं होतं. "मी सोडणार नाही त्याला," पप्पा म्हणाले. गिऱ्हाईक तोंडावर शिव्या देऊन गेलं तरी काटा पुसत बसणारा हा माणूस.

मला गंमत वाटली, आणि पोटात कुठेतरी बरंही वाटलं. पप्पा माझ्यासाठी भांडतायत. त्यांनी माझ्याशी सलग दहा मिनिटं बोलल्याचं मला आठवत नव्हतं. मग एकदा मम्मीने फोन घेतला आणि हळूच म्हणाली की ह्यांना झोप लागत नाही, दुकानात लक्ष नाही, उत्तर आलं का बघायला काट्यावर माल ठेवून तसेच उभे राहतात. मी म्हटलं, राहू दे गं, चार दिवसांची हौस आहे. माझ्याविषयी मम्मी सगळ्यांना हेच सांगायची, पाच वर्षं.

पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, पप्पा अमदावादला आले. ही केवढी गोष्ट, ते सावरकुंडल्याच्या माणसालाच कळेल. वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायचं ते मोठं प्रतिक्रमण त्यांनी जन्मात कधी आपल्या गावाबाहेर केलेलं नाही. माझा आठवा दिवस होता. मी खाली धावत गेले, वाटलं पप्पा डोक्यावर हात ठेवतील. पप्पा पाहुण्यांच्या खोलीत मोबाईलवर वाकून बसले होते. डोळे लाल, दाढी वाढलेली. मी समोर उभी राहिले.

"एक मिनिट, बेटा," ते म्हणाले.

हे एक मिनिट मला माहीत होतं. मी बसून राहिले. एक मिनिट बरंच लांबलं.

मग त्यांनी मान वर केली आणि एका दमात सगळं सांगितलं. तू पाळलंस, मी शब्दाचा माणूस आहे, फी भरतो. पण आता फीचं काय करायचं ते बघावं लागेल, कारण व्हिडिओ बघून मागण्या आल्यात. एक ना दोन, चांगली अकरा घरं. मुंबईची दोन, सुरतेची चार, एक अँटवर्पचं. अशी संयमी मुलगी आम्हाला सून म्हणून हवी. असा योग पुन्हा येत नाही, लोक आठवडाभरात विसरतात, तेव्हा आज प्रतिक्रमणानंतर युवक मंडळ अजून एक व्हिडिओ घेणार आहे, त्यात तू काय बोलायचं ते मी लिहून आणलंय. त्यांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. "बघ ना, काय काय लिहिलंय तुझ्याबद्दल. आता काय, संपलंच आहे. घे."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, ते हे. लग्न टाळायला मी आठ दिवस जीव टांगणीला लावला, आणि त्याच आठ दिवसांनी अकरा सासरं दारात आणून उभी केली. मी हात मागे घेतले. म्हटलं, पच्चक्खाण उद्या सकाळी सुटतं, आज नाही. पप्पा म्हणाले, काही तासांचा प्रश्न आहे. हे वाक्य त्यांच्या तोंडून? तीन घास ताटात टाकून उठणारा माणूस, सूर्य गेला म्हणून?

मग मी सगळं बोलून टाकलं. की मी संयमी वगैरे काही नाही. चार दिवस मी दुसऱ्यांच्या हाताने मोबाईल बघितलाय. पुढचे चार दिवस व्हरांड्यात वेड्यासारखी फिरलेय, कशासाठी, तर मला परीक्षा द्यायची होती. त्या अकरा घरांना ज्या मुलीची मागणी घालायची आहे ती ह्या छात्रालयात राहत नाही. तुम्ही अट घातलीत, मी पाळली. आता तुम्ही नवी अट काढू नका.

पप्पा चिडतील असं मला वाटलं होतं. पण त्यांच्या हातातला मोबाईल थरथरला, त्यांनी पटकन बघितलं, आणि मग मी बघतेय हे त्यांना दिसलं. त्यांचा चेहरा असा झाला की मला दुसरीकडे बघावंसं वाटलं.

"परवा मी दिवेलागणीनंतर जेवलो," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, हळूहळू, जणू दुसऱ्या कोणाबद्दल. तुझी आई ताट ठेवून देरासरात दर्शनाला गेली होती. मी एका हाताने त्या माणसाला उत्तर लिहीत होतो, एका हाताने जेवत होतो. किती वेळ गेला ते कळलं नाही. ती आली आणि तिने दिवा लावला. दिवा लावला तेव्हा बघितलं, बाहेर काळोख, आणि घास माझ्या तोंडात. ती दारातच उभी राहिली. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

"आणि बेटा, मी उठलो, चूळ भरली, मोबाईल कपाटात ठेवला. ठरवलं, आता नाही. पाच मिनिटांत पुन्हा कपाटाशी उभा. मी. मला हे समजतच नाही."

माझ्या पप्पांना मी कधी रडताना बघितलेलं नाही. तेव्हाही ते रडले नाहीत. मला त्यांचा राग यायला हवा होता, मघाशी येतही होता. पण त्या क्षणी ह्या जगात त्यांचं दुखणं समजणारी एकटी मी होते. मम्मीला ते कळणार नव्हतं, निर्जराला तर नाहीच. पाच मिनिटांनी कपाटाशी उभं राहणं काय असतं, ते मला विचारा.

बाहेर लोक उपाश्रयाकडे निघाले होते, हातात बसायची कटासणं घेऊन. सरोजबेन दारातून डोकावून म्हणाल्या, चला, उशीर होतोय. प्रतिक्रमणात मोबाईल चालत नाही. पप्पांनी तो माझ्यापुढे केला, म्हणाले, "तू ठेव तुझ्याकडे. माझ्याकडे राहिला तर मी तीन तास बसू शकणार नाही."

"मला हात लावता येत नाही, पप्पा."

आम्ही दोघं त्या मोबाईलकडे बघत बसलो. सरोजबेनना हाक मारली असती तर त्यांनी आनंदाने घेतला असता. पण पप्पांना ते दुसऱ्या बाईला सांगायची लाज वाटत होती, ते मला दिसत होतं. मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, तुम्हीच बंद करा. मी इथून हलत नाही. घाई करू नका.

त्यांनी बाजूचं बटण दाबलं. बंद करायचा का, असं पडद्यावर आलं. अंगठा तिथपर्यंत गेला आणि थांबला. वर कोणाचा तरी नवा निरोप आला, अंगठा तिकडे वळला. मी काही बोलले नाही. उत्तर द्या असंही नाही आणि देऊ नका असंही नाही. माझ्या स्वतःच्या तळहाताला घाम सुटला होता, तो निरोप कोणाचा असेल ह्या विचाराने. खरंच सांगते, मान लांब करून बघावंसं वाटत होतं. रस्त्यावरची वर्दळ ओसरली. उपाश्रयातून पहिल्या सूत्राचा आवाज यायला लागला. पप्पांनी डोळे मिटले आणि बंद केला. पडदा काळा झाल्यावरही त्यांनी तो सोडला नाही, मग खिडकीच्या फळीवर नेऊन ठेवला आणि शर्टाला हात पुसले.

"हे असं रोज करायचं असतं?" त्यांनी विचारलं.

"रोज नाही," मी म्हटलं. "दर वेळी."

ते उठले, पायांत चपला सरकवल्या, दारापर्यंत गेले आणि थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले की उद्या पारणं झालं की माझ्याबरोबर घरी चल. मी दाराची चौकट धरली.

"कायमची नाही. चार दिवस चल. तुझी पुस्तकं घे बरोबर, दुकानात माझ्यासमोर बसून अभ्यास कर. मला एकट्याला जमत नाही, तू शिकव. मग मी स्वतः तुला इथे आणून सोडतो, फी भरतो. त्या अकरा जणांना काय सांगायचं ते आपण मिळून ठरवू."

मी हो म्हटलं. शिकवायला मला काय येत होतं? अंगठा अजून हलतच होता. उद्या सकाळी माझा मोबाईल माझ्या हातात येणार होता, आणि त्याच्या पुढच्या घटकेला मी काय करेन ते मला सांगता आलं नसतं. पण हे मी पप्पांना सांगितलं नाही. पुरुष एका बाजूला बसतात, बायका दुसऱ्या बाजूला, म्हणून उपाश्रयाच्या पायरीवर आम्ही वेगळे झालो. आत जाण्याआधी पप्पा वळले. आजवर दर संवत्सरीला मीच त्यांच्या पाया पडून क्षमा मागायचे, मिच्छामि दुक्कडम् म्हणायचे आणि ते हात वर करायचे. ह्या वेळी त्यांनी आधी हात जोडले.

"मिच्छामि दुक्कडम्, बेटा," पप्पा म्हणाले, आणि मी काही म्हणायच्या आत घाईघाईने आत गेले, खिडकीच्या फळीकडे परत जावंसं वाटायच्या आधी.